घर नंबर बेचाळीस

मंडईत माझ्या पाठीमागे कुणीतरी माझा पत्ता म्हणालं. "घर नंबर बेचाळीस, विहिरीजवळ, कात्रज." माझा म्हणजे मी राहते तो नव्हे. मी राहते सदाशिव पेठेत, आणि तो पत्ता पोस्टमनलाही कधी नीट सापडलेला नाही. हा पत्ता मी बनवलेला होता. त्या पत्त्यावर कुणीही राहत नाही. एका दुपारी ऑफिसात बसून, समोर चहा गार होत असताना, मी तो रचला होता. म्हाताऱ्या माणसांनी तो ऐकावा, पाच मिनिटं डोक्यात धरावा आणि मी विचारलं की परत सांगावा, एवढंच त्याचं काम. गेली बावीस वर्षं मी विस्मरणावर संशोधन करते. लोक काय विसरतात, किती विसरतात, कोणत्या वयात विसरतात ते मोजते आणि छापते. तर असा तो पत्ता मंडईत, पावट्याच्या ढिगाशेजारी, माझ्या कानावर पडला आणि माझ्या हातातला पावटा तसाच हातात राहिला. वळून पाहिलं तर हिरवट लुगडं नेसलेली एक काटकुळी बाई, सत्तरीची. तिचं मनगट एका पस्तिशीच्या बाईने घट्ट धरलं होतं, जत्रेत पोराचं धरतात तसं. म्हातारी माझ्याकडे बघून हसत होती. "वळखलं का ताई? तुम्ही मला इचारलं होतं हे. समाजमंदिरात. वाटी दिली होती स्टीलची." मी ओळखलं नाही. ओळखल्यासारखं हसले मात्र, कारण हसायला काही आठवावं लागत नाही.

"अहो मॅडम, मनावर घेऊ नका," मनगट धरलेली बाई म्हणाली. ती सून होती, दीपमाला. "त्यांचं डोकं चालत नाही. रिपोर्ट आहे आमच्याकडे." आणि तिने पर्समधून रिपोर्ट काढला. लॅमिनेट केलेला. आपल्याकडे जे आयुष्यभर टिकावं असं वाटतं ते माणसं लॅमिनेट करून आणतात: रेशनकार्ड, दहावीचं सर्टिफिकेट, आणि हा. वर आमच्या प्रकल्पाचं नाव, खाली तीसपैकी सोळा, त्याखाली 'स्मरणशक्तीचा लक्षणीय ऱ्हास', त्याखाली गॅसपासून, रस्त्यापासून, एकटेपणापासून जपण्याच्या चार सूचना आणि सगळ्यात खाली निळ्या शाईत माझी सही. श्यामला दातार. तारीख चार वर्षांपूर्वीची. प्लास्टिकच्या आत सही अगदी ताजी दिसत होती. मी तो कागद हातात घेतला आणि दीपमालाला सांगायला हवं होतं की बाई, ही मीच. सांगितलं नाही. तोवर म्हातारी पुढे सरकून म्हणाली, "पुन्हा इचारा की. आता समदं पाठ हाय. सकाळी उठल्यावर एकदा म्हणते, निजायच्या आधी एकदा म्हणते. परत कुणी तपासायला आलं तर चुकू नाई म्हणून." तिचं नाव मुक्ताई. मला ते लॅमिनेशनवर वाचून कळलं. तिला मी चार वर्षांनी पाठमोरी ओळखू आले होते, आणि आमच्या दोघींत रिपोर्ट तिच्या नावाचा होता.

पण खोड जात नाही. चार वर्षं रोज घोकलेली गोष्ट पाठ असणं म्हणजे स्मरणशक्ती शाबूत असणं नव्हे, हे माझ्या डोक्यात लगेच आलं. वर मी तिथे, हमालांच्या 'बाजूला व्हा बाजूला व्हा'मध्ये, परीक्षकासारखं विचारलं, "पत्त्याच्या आधी नाव होतं. ते नाही सांगितलंत." मुक्ताई हसली. पदर तोंडाशी नेला, सुनेकडे पाहिलं, पुन्हा हसली. "ते ऱ्हाऊ द्या," म्हणाली. "बघा," दीपमाला म्हणाली, "नावच आठवत नाही. तेव्हाही आठवलं नव्हतं. आता दिवसभर मी कामाला असते, तर शेगडीची बटणं काढून पर्समध्ये घेऊन जाते. काय करणार. माझं काही वाकडं नाही त्यांच्याशी." मग मुक्ताईने माझा दंड धरला. तिच्या बोटांत चांगलीच ताकद होती. कोथरूडला सहा घरच्या पोळ्या करायची ती, बारा वर्षं. नांदेडकडून आली तेव्हापासून. "ताई, मला कामाला जायाचंय. तुमच्या कागदानं बंद झालं. तुमच्या कागदानंच चालू व्हईल की न्हाई सांगा." म्हणजे त्या कागदावरची सही माझी, हेही तिला पक्कं माहीत होतं. दीपमालाने माझ्याकडे पाहिलं, मग सहीकडे पाहिलं, आणि लॅमिनेट केलेला कागद माझ्या हातातून हळूच काढून घेतला. मी फोन नंबर घेतला, रविवारी येते म्हणाले, आणि पावटा न घेता घरी आले.

घरी येऊन फाईल काढली. आमच्याकडे सगळं संगणकावर असलं तरी मूळ कागद मी माळ्यावर ठेवते. श्याम म्हणतो तुझ्या म्हाताऱ्या वर झोपल्यात, पंखा हळू लाव. श्याम माझा नवरा. श्याम आणि श्यामला. लग्नपत्रिका छापणाऱ्याने दोनदा विचारून घेतलं होतं, चूक नाही ना म्हणून. मी त्याला लग्नाच्या दुसऱ्या दिवसापासून नावाने हाक मारते. अहो-जाहो मला जमलंच नाही, आणि सासूबाईंनी पंधरा दिवस तोंड फिरवून शेवटी नाद सोडला. तर श्यामने स्टूल धरलं, मी गठ्ठा काढला, आणि सहभागी क्रमांक एकशे सदतीस सापडली. वार, महिना, ऋतू: बरोबर. चित्रं ओळखणं: पोळपाट, कंदील, सुईदोरा, सगळं बरोबर. वीस रुपयांतून सात गेले तर: बरोबर, आणि चटकन, असं माझ्याच अक्षरात बाजूला लिहिलेलं. वीसपैकी सोळा गुण इथवर, गेले ते चार लिहिण्या-वाचण्याचे, तिने शाळाच पाहिलेली नव्हती. आणि मग पत्ता. त्याला दहा गुण. लगेच सांगणे: शून्य. पाच मिनिटांनी सांगणे: शून्य. एकूण तीसपैकी सोळा, आणि वीसच्या खाली गेलं की ऱ्हास, असा माझा नियम. बाकी सगळं जिला धडाधड येतंय तिला पत्त्यातला एक शब्दही येऊ नये? विहीर नाही, कात्रज नाही? हे मला तेव्हा खटकायला हवं होतं. त्या दिवशी चौतीस बायका तपासल्या होत्या, समाजमंदिराचा पंखा बंद होता, ही कारणं झाली. शून्यापुढे मी लिहिलं होतं: 'प्रतिसाद नाही. हसली. पदर तोंडाला लावला.' पेपरमध्ये याचं मी काय केलं तेही मला आठवलं. 'काही स्त्रियांत प्रसंगाला विसंगत हास्य आढळले', असं वाक्य आहे तिथे. ऱ्हासाचं आणखी एक लक्षण म्हणून. ते वाक्य लोकांनी पुढे आपापल्या पेपरांत उचललंही.

आणि वर, तपशिलाच्या चौकटीत, पतीचं नाव: कै. नागोराव. आता तो पत्ता पुरता सांगते. नागोराव देशमाने, घर नंबर बेचाळीस, विहिरीजवळ, कात्रज. आधी त्यात दुसरंच नाव होतं. माझा सहकारी आमोद, आकडेवारी तोच बघतो, त्याचं नाव गमतीने घातलं होतं. पण वस्तीतल्या बायकांना 'आमोद' हे माणसाचं नाव आहे हेच पटेना. मग मी मोठ्या अकलेने ते बदललं. मराठवाड्याकडून आलेल्यांना ओळखीचं वाटेल, आपलंसं वाटेल असं नाव शोधलं. नागोराव. या एका बदलावर पेपरमध्ये अख्खा परिच्छेद आहे आणि दोन परिषदांत मी त्यावर टाळ्या घेतल्यात. चाचणीच्या पुस्तिकेत सूचनाच आहे: 'त्या भागात प्रचलित असलेले पुरुषाचे नाव निवडावे.' आणि दुसरी सूचना: 'सहभागी थांबल्यास मदत करू नये.' बाई थांबली. तिने नवऱ्याचं नाव घ्यायचं नव्हतं. पत्ता सुरूच नावापासून होत होता, मी समोर पेन घेऊन बसले होते, मागे रांगेत वस्तीतल्या बायका, त्यांत तिची नणंदही असेल. ती हसली, पदर लावला, वाट पाहिली की बाईमाणूस आहे, हिला कळेल. मला कळलं नाही. मी शून्य लिहिलं.

मला, म्हणजे कुणाला? माझ्या वडिलांचं नाव गजानन. पुण्यात राहून नवऱ्याचं नाव गजानन असणं म्हणजे आईला बारा महिने अडचण. ती गणपतीला बाप्पा म्हणायची, फार तर विनायक. आरतीत ते नाव आलं की टाळ्या चालू आणि ओठ बंद. मी शेजारी उभी असायची आणि मला ती जागा पाठ होती, आता आई थांबणार, आता पुन्हा सुरू होणार. रेशनच्या कचेरीत कारकुनाने मान वर न करता विचारायचं, "यजमानांचं नाव?" आणि आई माझ्या पाठीत बोट टोचायची. "सांग गं." मी सांगायची. सहा वर्षांची होते, तेव्हापासून आईच्या वतीने बाबांचं नाव घ्यायची नोकरी माझी. एकदा मी रुसले होते, कशावरून ते गेलं आता, आणि मुद्दाम गप्प बसले. कारकून म्हणाला, "बाई, नवऱ्याचं नाव विसरलात की काय?" मागची रांग हसली. आई लालबुंद झाली, पदर तोंडाशी नेला आणि हसली. अगदी तस्सं. मी ते जवळून पाहिलेलं आहे. आणि साठाव्या वर्षी, दोन पदव्या आणि एक चष्मा लावून, मी तेच हसू पाहिलं आणि 'विसंगत हास्य' लिहिलं. रेशनच्या कारकुनाने निदान चेष्टा तरी केली होती. मी ते छापून आणलं.

याहून वाईट पुढे आहे. आईची स्मृती गेली ती एकदम नाही, पण आम्हाला कळली एका सकाळी. बाबा पेपर वाचत होते. आतून हाक आली, "गजानन, अरे ए गजानन, चहा घेतोस का?" बाबांनी पेपर खाली ठेवला. मी तिथेच होते, माहेरपणाला आलेली. बाबा मला म्हणाले, "पन्नास वर्षांनी बायको अरेतुरे करायला लागली, म्हणजे एक तर प्रेम वाढलंय किंवा डोकं बिघडलंय. आणि इतक्या उशिरा प्रेम कशाला वाढेल." मग आत बघून म्हणाले, "घेतो गं." पुढची चार वर्षं आई त्यांना नावाने हाक मारत होती, जिन्यातून, गच्चीतून, न्हाणीघरातून, जणू साठवलेलं सगळं खर्चून टाकत होती, आणि ते प्रत्येक हाकेला ओ देत होते. मी त्याच महिन्यात वही केली. पहिल्या पानावर लिहिलं: 'आईने बाबांचे नाव घेतले.' माझं सगळं संशोधन त्या पानापासून सुरू झालंय. कुणी मुलाखतीत विचारलं की सांगतेही मी. म्हणजे नाव घेतलं जाणं हे डोकं घसरल्याचं चिन्ह, आणि ते न घेता थांबणं हे डोकं जागेवर असल्याचं, हे मला घरातच कळलेलं होतं. आणि चाचणी बनवताना मी ते नेमकं उलटं बसवलं. जिला काय बोलायचं नाही हे लक्षात होतं तिला शून्य. बाबा असते तर म्हणाले असते, "शहाणी, बारा वाजवलेस." मी माळ्याखाली त्या गठ्ठ्यात बसून रडले. श्याम आला, पाहिलं, काही न विचारता स्टूल उचलून ठेवलं आणि चहा टाकला.

दुपारभर बाकीचे कागद पाहिले. दोनशे बारा बायका. पतीचं नाव नागोराव असलेल्या नऊ. नवांपैकी सातजणींचा पत्ता शून्य. सासरे नागोराव, दीर नागोराव, ते वेगळेच. ते मी विचारलंच नव्हतं. आमोदला फोन केला. आमोद माणूस चांगला आहे, पण आकड्यांपलीकडे त्याला फारसं दिसत नाही. तो म्हणाला, "अहो श्यामलाताई, दोनशे बारांत नऊ. काढून टाकले तरी निष्कर्ष तिथल्या तिथेच. कशाला उकरून काढताय? पुढच्या वर्षी निवृत्त व्हाल, सुखाने व्हा की." त्याचं गणित बरोबर होतं. मी स्वतःही रात्रंदिवस सरासरीच बघत आलेय. म्हटलं, "आमोद, निष्कर्ष तिथेच राहील. बाई कुठे राहील?" त्याने विचारलं, "कोणती बाई?" "जिच्या घरात शेगडीची बटणं काढून ठेवतात ती." तो म्हणाला, "तुम्ही छापायचं म्हणाल तर मी आडवा येणार नाही. पण नाव तुमचं जाईल हे लक्षात ठेवा." पुण्यात एवढं म्हणणं म्हणजे पाठिंबाच. नाव जाईल याची मला भीती वाटली का? वाटली. खोटं कशाला बोलू. आयुष्यात एकच गोष्ट धड केली असं मला वाटत होतं, आणि तीच उसवायची होती. रविवारपर्यंत झोप नीट लागली नाही. शिवाय दुसरी भीती अशी, की समजा मुक्ताईला खरंच विस्मरण असलं तर? चार वर्षांत माणूस कुठल्या कुठे जातं. मी तिला आशा दाखवून आलेय, आणि नव्या कागदावरही तेच आलं तर? आशा दाखवायची आणि वरून पुन्हा सही करायची, हे माझ्याने झालं नसतं.

रविवारी सकाळी कोथरूडला गेले. सोसायट्यांच्या मागे, टेकडीच्या अंगाला, दोन खोल्या. मुलगा बजरंग घरी होता, कंपनीची गाडी चालवतो. त्याने खुर्ची दिली, पाणी दिलं आणि उभाच राहिला. मी सगळं सरळ सांगितलं. नाव कसं निवडलं, त्याची आई का थांबली, मी शून्य का लिहिलं. "चूक तिची नव्हती. माझी होती," म्हटलं. बजरंग म्हणाला, "चार वर्षं, मॅडम. चार वर्षं मी आईला बाहेरून कडी घालून जातोय. तुमच्या कागदावर. एकदा मोठ्या दवाखान्यात नेलं, तर नंबर आला नाही, म्हटलं रिपोर्ट तर आहेच. ती म्हणायची मला काही झालं नाही, तर आम्ही म्हणायचो, असं म्हणणं हेच त्या आजारात असतं." मी मान खाली घातली. हेही वाक्य माझ्याच माहितीपत्रकातलं होतं. दीपमाला दारात उभी होती, ती म्हणाली, "आणि त्या गप्प का बसल्या? एका शब्दाने बोलल्या असत्या, की हे माझ्या मालकाचं नाव आहे." मुक्ताई खाटेवर बसून लसूण सोलत होती. ती म्हणाली, "इतक्या शिकलेल्या बाईला ते बी सांगायचं काय? मला वाटलं, कळलं असंल. कळूनच लिहिलं असंल काईतरी." आणि लसूण सोलत राहिली.

मी नवा पत्ता करून आणला होता. आधी विचारलं, "चेतन नावाचं तुमच्या सासरी कुणी?" ती म्हणाली, "कोन बी न्हाई. नातवाच्या शाळंत असंल तर असंल." मग घेतली चाचणी. चेतन पाटसकर, खोली नंबर अठरा, पिंपळाजवळ, मांजरी. लगेच विचारलं, सगळं आलं. मधली पाच मिनिटं मी चित्रं दाखवली, वजाबाकी घातली. तारीख तिने इंग्रजी सांगितली नाही, तिथी सांगितली. मी आता शहाणी झालेय, बजरंगच्या मोबाईलवर पाहून घेतलं, बरोबर होती. चमचा म्हणायला तिला जरा वेळ लागला. एक चित्र चुकलं. मग पत्ता. "चेतन... पाटसकर. मांजरी. पिंपळाजवळ. खोली नंबर एकोणीस... न्हाई. अठरा. अठराच." तिसातून पंचवीस. सत्तरीच्या, शाळा न पाहिलेल्या बाईला पंचवीस! तेवढे माझ्या नवऱ्याला आले तर तो पेढे वाटेल. मी आकडा सांगितला. बजरंग एकदम म्हणाला, "पण मग ते नाव तिला आठवत होतं कशावरून? ते तर तिने कधी सांगितलंच नाही." प्रश्न रास्त होता. चार वर्षांपूर्वी मी निदान एवढा तरी विचारायला हवा होता.

मुक्ताईने लसणाची सालं परातीत झटकली. "बापाचं नाव आईला ठावं हाय का इचारतोस व्हय रं?" दीपमाला म्हणाली, "आत्या, आता सांगा की. मामंजींना जाऊन सहा वर्षं झाली." "गेले म्हणून काय नाव घ्यायला मोकळीक झाली?" मुक्ताई म्हणाली. उखाण्याशिवाय नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही, आणि नवरा गेल्यावर उखाणाही घ्यायचा नाही, असा सगळीकडून बंद दरवाजा. ती उठून उभी राहिली. पदर खांद्यावरून पुढे घेतला. बजरंगकडे नाही, माझ्याकडे नाही, शेगडीकडे बघून म्हणाली, "घडीच्या पोळीला सुटले तीन पदर, नागोरावांचं नाव घेते सावरून पदर." आणि खाली बसली. "झालं? लिवा तुमच्या कागदावर." दीपमालाने तोंडावर हात ठेवला. बजरंग बाहेर ओट्यावर जाऊन उभा राहिला. बऱ्याच वेळाने आत आला तेव्हा त्याचे डोळे लाल होते, आणि तो म्हणाला की चहा ठेवा, मॅडम केव्हाच्या बसल्यात. दीपमालाने पर्समधून शेगडीची बटणं काढून बसवली आणि बाजूला झाली. चहा मुक्ताईने केला. गोड होता, फारच, पण मी दोन कप घेतले. निघताना मी विचारलं, "मग कामाचं?" मुक्ताई म्हणाली, मैत्री मॅडम म्हणून आहेत, तिच्या जुन्या घरच्या, त्या अजून विचारतात, आजी येणार का. बजरंग म्हणाला, "बघू." आमच्याकडेही 'बघू' म्हणतात. त्याचा अर्थ 'नाही' होतो हे मला माहीत होतं. पण चार वर्षं ज्याने भीतीपोटी आईला जपलं त्याची भीती मी एका सकाळी कशी काढणार होते.

त्या आठवड्यात मी दुरुस्तीचा मजकूर लिहिला. पेपर लिहायला मला दोन वर्षं लागली होती. हे पान एका बैठकीत झालं. पुस्तिकेतली सूचना बदलली: 'नाव निवडण्याआधी सहभागी स्त्रीला ते नाव उच्चारता येते का, हे विचारावे. सहभागी थांबल्यास का थांबली, हे विचारावे.' 'विसंगत हास्य' हे वाक्य मागे घेतलं. उरलेल्या आठजणींचे पत्ते काढले. दोघी वारल्या होत्या, सहाजणी सापडल्या, त्यांच्याकडे मी स्वतः जाणार आहे, माणूस पाठवणार नाही. गंमत अशी की हे सगळं लिहिताना मला हलकं वाटत होतं. उसवलं जाईल म्हणून ज्याची भीती होती ते उसवतच नव्हतं, उलट कुठेतरी टाका बसत होता. आईबद्दलची ती वही मी पुन्हा काढली आणि इतक्या वर्षांनी मला पहिल्या पानाची भीती वाटली नाही. आईची नुसती लक्षणं मी मांडत आले होते. ती हाक मारायची तेव्हा बाबांना किती बरं वाटायचं, हे मी कुठेच लिहिलेलं नव्हतं. ते त्या पानाखाली लिहिलं. श्यामने मजकूर वाचला आणि म्हणाला, "शुद्धलेखन ठीक आहे." त्याच्याकडून ही शाबासकी असते.

पुढच्या रविवारी तो मजकूर घेऊन पुन्हा कोथरूडला गेले. छापायचा इंग्रजीत होता, मी मराठीत करून वाचला. 'सहभागी क्रमांक एकशे सदतीस यांच्या पुनर्तपासणीत' असं म्हणेपर्यंत मुक्ताईने अडवलं. "हा एकशे सदतीस कोन?"

"तुम्ही."

"मंग मुक्ताई लिवा की."

मी समजावलं की संशोधनात सहभागी माणसांची नावं घ्यायची नसतात, तसा नियम आहे. ती माझ्याकडे बघत राहिली आणि मग असं हसली की मलाही हसू आलं. "तुमच्यात बी हाय व्हय ते," म्हणाली. "माझं नाव घ्या. मी सांगते. मला कोन बी हाक मारावी." संमतीचा फॉर्म बजरंगने दोनदा वाचला, एकदा सरळ, एकदा संशयाने. दुधाने तोंड पोळलेलं होतं, ताक फुंकून पिणारच. मग त्याने तो आईपुढे ठेवला आणि तिने सही केली. मी क्रमांक खोडून नाव घातलं आणि शेवटचं वाक्य वाचलं: "ही चूक श्रीमती मुक्ताई वाघमोडे, ज्या पूर्वी सहा घरी पोळ्या करीत असत, यांनी लक्षात आणून दिली. लेखिका त्यांची ऋणी आहे."

"पूर्वी कामून?" मुक्ताई म्हणाली.

मी बजरंगकडे पाहिलं. तो मोबाईलमध्ये बघत होता. दीपमाला पोळपाट पुसत होती, तो पुसायचा हात थांबला.

"ते काढा," मुक्ताई म्हणाली. "पोळ्या करते, असं लिवा. करते."

माझं पेन कागदावर टेकलेलं होतं, आणि खोडायचा अधिकार माझा नव्हता, हे मला कळत होतं.

"सकाळी सव्वासहाला निघतो मी," बजरंग मान वर न करता म्हणाला. "तयार असशील तर मैत्री मॅडमच्या गेटपर्यंत सोडतो. आधी एकच घर. बाकीची मागनं."

मी 'पूर्वी' खोडलं, 'सहा घरी' खोडलं, आणि 'करीत असत'चं 'करतात' केलं.